अडीच वर्षांच्या विद्यार्थिनीचा तास

शाळा बंद होत्या आणि तास घरूनच घ्यायचे, ते दिवस. मी सहावीला विज्ञान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवायचा आणि त्याच्याशी एकटीनेच बोलत बसायचं. पलीकडे कोणी ऐकतंय की नाही, देव जाणे. चाळीसेक पोरांपैकी पाच-सहा तोंडं दिसायची, बाकी सगळ्या काळ्या चौकटी. "कॅमेरे चालू करा रे" म्हणून म्हणून माझा घसा बसला. एका पठ्ठ्याने तर स्वतःचा मन लावून ऐकतानाचा फोटोच चिकटवून ठेवला होता. आठवडाभर मी त्याचं कौतुक करत होते, काय एकाग्र मुलगा आहे म्हणून. मग एकदा लक्षात आलं, हा पापणीसुद्धा लववत नाही.

शेवटी मला एक युक्ती सापडली. शिकवता शिकवता मध्येच थांबायचं आणि म्हणायचं, "चला, उठा! घरातून आंबट काहीतरी घेऊन या. पहिलं कोण येतंय बघू." कधी लोखंडाचं, कधी पाण्यावर तरंगणारं. पेंगणारी कार्टी ताडकन उठून पळायची. आणि आणलेली वस्तू दाखवायची तर कॅमेरा लावावाच लागायचा, ही त्यातली खरी गोम. मी माझ्यावर बेहद्द खूश होते. स्टाफच्या मीटिंगमध्ये दोनदा सांगूनही झालं होतं.

त्या दिवशी पानांच्या शिरा होत्या. "पान आणा," मी म्हटलं, "कुठलंही चालेल." झाली पळापळ. तुळस आली, कढीपत्ता आला, कुणी आईच्या हातातली पालकाची अख्खी जुडी ओढून आणली. एकाने आजोबांच्या डब्यातलं विड्याचं पान आणलं आणि मागून आजोबांचा आवाजही आला.

एक चौकट मात्र रिकामीच राहिली. ती मुलगी शाळा बंद व्हायच्या जरा आधीच विदर्भातून आलेली. सगळा वर्ग मला बाई म्हणायचा, ही एकटी मॅडम म्हणायची. सातारा रस्त्याकडे कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर राहायची. वडील भोसरीला कारखान्यात, स्वारगेटहून कंपनीच्या बसने जायचे. आई दवाखान्यात नर्स. पाळणाघरं बंद, त्यामुळे अडीच वर्षांची धाकटी बहीण हिच्या भरवशावर. तास चालू असताना ती मागे पलंगावर झोपलेली दिसायची. ही पलंगाच्या कडेवर बसून, टेबलावर लॅपटॉप ठेवून माझं ऐकायची. कॅमेरा कायम चालू ठेवणाऱ्या पाच-सहा जणांतली ही एक.

मी म्हणणारच होते, "बाईसाहेब पान आणायला महाबळेश्वरला गेल्या वाटतं." तेवढ्यात तिच्या चौकटीतून धाडकन दार आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ दारावर थापा, आणि बाहेरून किंचाळणं.

"मॅडम! दार लागून गेलं! मॅडम, बहीण आत आहे माझी!"

घरात कुंडी नव्हती. समोरच्या बिऱ्हाडाचा मनीप्लँट जिन्यात होता, ते लोक कुलूप लावून गावी गेलेले. एक पान तोडायला ती दाराबाहेर पाऊलभर गेली आणि वाऱ्याने दार ओढलं गेलं. लॅचचं दार. किल्ली आत.

थापांनी धाकटी जागी झाली. उठून बसली, इकडेतिकडे बघितलं आणि तिने भोकाड पसरलं. बाहेरून ताई तिला नावाने हाका मारत होती, पण दारातून आणि रडण्यातून ते नाव आमच्यापैकी कुणालाच कळेना. मग थापा थांबल्या. ताई खाली वॉचमनला बोलवायला धावली असणार. शहाणी पोर, बरोबरच केलं तिने. पण आता त्या घरात एकटी ती चिमुरडी उरली, आणि तिच्याकडे बघणारे आम्ही.

पलंगामागचं मी रोज बघत होते, पण ते त्या क्षणी पहिल्यांदा मला दिसलं. बाल्कनीचं दार सताड उघडं. पलीकडे कठडा. कठड्याला टेकून लाल प्लॅस्टिकचं स्टूल, त्यावर चिमट्यांची टोपली. आणि त्याच्या पुढे नुसतं आभाळ.

"अहो!" मी ओरडले. "अहो, आधी इकडे या!" आमचे हे बाहेरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. एरवी तीन हाका मारल्याशिवाय न हलणारा माणूस, पण माझा आवाज ऐकून गळ्यात हेडफोन तसाच ठेवून धावत आला. "शाळेत फोन लावा, हिचा पत्ता घ्या, आईबापाचे नंबर घ्या, पोलिसांना लावा, कुणालाही लावा!" 'कशाला' असं न विचारता ते गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं.

इकडे धाकटी पलंगावरून पोटावर घसरत खाली उतरली. रडणं थांबलं होतं, नुसते हुंदके. आणि तेवढ्यात खालून, रस्त्यावरून, ताईचा आवाज आला. "काका! ओ काका! लवकर या ना!" बाल्कनीतून तो घरात आला आणि आमच्या कानांपर्यंत पोचला. तिच्याही कानांपर्यंत पोचला. तिने मान वळवली. ताई तिकडे आहे, एवढंच तिला कळलं. ती बाल्कनीकडे निघाली.

सगळा वर्ग एकदम ओरडला. "बाई, ती जातेय! बाई, स्टूल!" चाळीस जणांचा गलका लॅपटॉपमधून तिच्या अंगावर गेला, तशी ती दचकली आणि उलट आणखी घाईने पळाली. तिची चौकट सोडून मी सगळ्यांचे माइक बंद केले. "तोंडातून शब्द काढायचा नाही कुणी," मी म्हटलं. त्यांचे आवाज बंद होतेच, तरी म्हटलं.

"बाळा, इकडे बघ. ए पिल्लू, इकडे ये." अहो, माझा आवाज मलाच ओळखू येईना. बावीस वर्षं पोरांना दरडावण्यात गेलेला आवाज तो, त्याला लाडीगोडी कुठून जमणार? तिने एकदा मागे बघितलं. तिच्या दृष्टीने टेबलावरच्या डब्यातली कोण ही बया. गाणं म्हणून बघितलं, दोन ओळींत श्वास संपला. ती स्टुलापाशी पोचली. टोपली ढकलली, चिमटे फरशीवर तडतडत पसरले. मग तिने दोन्ही हात स्टुलावर टेकले आणि एक पाय वर घेतला.

मला बघवेना. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात कसलीही युक्ती नव्हती. मी फक्त भ्याले होते. पण न बघणंही सहन होईना, म्हणून बोटं फाकवली, आणि हात तसेच चेहऱ्यावर असताना तोंडातून आपोआप निघालं, "बुऽऽवा..." आणि हात काढून, "कुक!"

तिने वळून बघितलं.

परत केलं. बुवा. कुक. वर घेतलेला पाय खाली आला. तिसऱ्यांदा केलं, ती आत दोन पावलं आली. चौथ्यांदा मात्र तिच्या तोंडावर ती कळा आली, जी मी वर्षभर सहावीच्या तोंडांवर बघत होते. कंटाळा. खालून पुन्हा ताईचा आवाज आला आणि मान परत बाल्कनीकडे.

"सगळ्यांनी कॅमेरे बंद करा," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून निघेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण पोरांनी ऐकलं. सगळे चेहरे एका दमात विझले. "आता मी ज्याचं नाव घेईन, त्याने माइक चालू करायचा, कॅमेरा लावायचा आणि कुक करायचं. मोठ्याने. हसून. रडायचं नाही कुणी, समजलं?" आणि मी हजेरीच्या क्रमाने नावं घ्यायला लागले, कारण दुसरा कुठलाच क्रम मला आठवेना.

"कुक!" वरच्या कोपऱ्यातून एक तोंड. गेलं. "कुक!" खालून दुसरं. एकीने ओढणीआडून केलं. विड्याचं पान आणणाऱ्या पोराने आजोबांनाच पुढे केलं, त्यांनी बोळक्या तोंडाने असं झकास कुक केलं की धाकटी खुदकन हसली. ती आत आली. पलंगाला वळसा घालून थेट टेबलापाशी. आम्हाला आता फक्त तिचं कपाळ दिसत होतं, विस्कटलेले केस, आणि टेबलाच्या कडेला धरलेली इवली इवली बोटं. पुढची तोंडं कुठून निघतील ते बघायला ती टाचा उंचावत होती. मी मनात म्हटलं, जमलं.

तिने हात लांबवून लॅपटॉपचा पडदा ढकलला. तो मागे कलला. आमच्या चौकटीत फक्त छत उरलं, आणि गरगर फिरणारा पंखा.

"थांबायचं नाही," मी म्हटलं. "पुढचा नंबर. कुक कर." पोरं पंख्याला कुक करत राहिली. एक, मग दुसरा, मग तिसरी. पलीकडून हसू नाही, हुंदका नाही, काही नाही. ती आहे की गेली? काळ्या चौकटींसमोर बोलायची मला सवय होती हो, पण असं नव्हतं कधी. हे दारात फोन कानाला लावून उभे होते, तिच्या आईचा फोन नुसता वाजत होता.

आणि मग तो आवाज आला. खर्रर्र. प्लॅस्टिक फरशीवरून सरकल्याचा. थांबला. पुन्हा, खर्रर्र.

स्टूल.

सगळ्यांना कळलं. ज्या मुलीची पाळी होती तिने कॅमेरा लावला, तोंड उघडलं आणि रडायलाच लागली. "कुक म्हण!" मी खेकसले तिच्यावर. "म्हण गं!" तिने रडत रडत म्हटलं. मी पुढचं नाव घेतलं. ते दोनदा घ्यावं लागलं. देवा, माझी सगळी अक्कल काढून घे, म्हटलं, पण तो आवाज थांबव. आवाज थांबला, आणि तेच जास्त भयंकर होतं. पंखा फिरत होता. कुठूनतरी धक्के ऐकू येत होते, धाड, धाड, दाराचे की आणखी कसले ते समजायला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि खांदा दुखत होता.

पंख्याच्या पुढे खालून काहीतरी काळं वर आलं. केस. मग कपाळ. मग दोन डोळे, अख्खी चौकट भरून, इतके जवळ की पापण्यांवरचं ओलं दिसत होतं. तिने स्टूल ओढत आत आणलं होतं. आमच्यासाठी. आम्ही नीट दिसावं म्हणून ती त्यावर चढली होती.

"कु," ती म्हणाली.

मग मागे कडाड करून दार उघडलं, बरीच माणसं आत आल्याचा आवाज झाला, वॉचमनचा खाकी हात दिसला आणि ताईने तिला स्टुलावरून उचलून घेतलं. इतकी घट्ट धरली की धाकटी कळवळून रडायला लागली. कुणीतरी पडदा सरळ केला. ताईच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, जिन्यात पडली असावी. ती धापा टाकत माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही रडेल.

"मॅडम," ती म्हणाली, "आईला सांगू नका ना. ती कामाला जायची नाही मग."

"आधी बाल्कनीचं दार लाव," मी म्हटलं. तिने लावलं. कडीसुद्धा घातली, मला दिसेल अशी.

आईचा फोन दुपारी आला. इतके मिस्ड कॉल बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "काय झालं मॅडम? पोरी बऱ्या हायेत न?" मी आधी म्हटलं, दोघीही बऱ्या आहेत. मग सगळं सांगितलं. पान मीच आणायला सांगितलं होतं, इथपासून सगळं. सांगितलं नसतं तर ते दार उद्याही उघडं राहिलं असतं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझ्यावर तुटून पडेल. पडली असती तर बरं झालं असतं. पण पलीकडून वॉर्डातले आवाज येत होते. कुणीतरी "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारत होतं.

"उद्याही माही सातची ड्युटी हाये मॅडम," ती म्हणाली. "सुट्टी भेटत नाही. पोरीचे पप्पा त सहालेच निघतात." मग खालच्या आवाजात, "तुमचा तास किती वाजता रायते?"

तास नऊला असायचा.

"सातला," मी म्हटलं.