दहाची तुकडी

सुभेदारांना पाच हा आकडा खपत नसे. आम्ही पाच जण बसलो असताना कोणी पाच प्लेट गिला वडा सांगितला, की ते माळ्याच्या खिडकीतून खाली गाडीवाल्याला ओरडायचे, ‘सहा दे रे भाऊ, कोनी ना कोनी येते!’ कोणी येत नसे. सहावी प्लेट ते स्वतः संपवायचे आणि मग संध्याकाळभर ढेकरा देत बसायचे.

सैन्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानाच्या माळ्यावर प्लायवूडचं मोठं टेबल, थर्माकोलच्या टेकड्या, पुठ्ठ्याची पडकी घरं, आणि बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक. हे सैनिक ते स्वतः साच्यात ओतायचे आणि चष्मे दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून रंगवायचे. दर रविवारी दुपारी आम्ही तिथे फुटपट्टी आणि फासे घेऊन लढाया खेळायचो. पन्नाशीचा माणूस बाहुल्यांशी खेळतो म्हणून गल्ली हसायची. सुभेदार हे नाव त्या हसण्यातूनच पडलं, आणि त्यांनी ते पदक मिळाल्यासारखं मिरवलं.

या खेळात प्रत्येकाने आपलं सैन्य आधी ठरवायचं असतं. पायदळाची एक तुकडी पाचापासून दहापर्यंत कितीही जणांची घेता येते. पाच-पाचाच्या पुष्कळ तुकड्या केल्या तर त्या चहूकडे पळवता येतात. पण तुकडीतला एखादा पडला की दोन फासे टाकायचे. बेरीज कमी आली तर उरलेले मैदान सोडून पळतात. तुकडी मोठी असेल तेवढी त्यात सूट मिळते. दोन एक्के पडले, तर मात्र कुठलीच सूट चालत नाही, सगळे पळतात. आम्ही बाकीचे सोयीप्रमाणे पाच, सात, आठ असे घ्यायचो. सुभेदार दहाखाली उतरले नाहीत.

‘पाचाची तुकडी म्हंजे नवरदेव नसलेली वरात,’ ते म्हणायचे. ‘दोघं पडले का तिघं पयतात. दहातले दोन पडले तं आठ जन तठीच उभे रायतात. काहून? त्याईले एकमेकाचा आधार असते.’ गादीवाले रफीकभाई, ज्यांच्या दुकानातलं हिरवं कापड आमच्या टेबलावर कुरण म्हणून पसरलेलं असे, ते सुभेदारांना डिवचायचे, ‘सुभेदार, आधार ठीक है, लेकिन जीतना भी पडता है ना कभी?’ त्यावर सुभेदार भिंग पुसत बसायचे.

त्यांची एक लाडकी तुकडी होती. तिच्यातला एकेक सैनिक त्यांनी आमच्यापैकी एकेकाच्या तोंडवळ्याचा केला होता, आणि आम्ही पुरेनासे झालो तेव्हा पोस्टमनला आणि गाडीवाल्यालाही भरती केलं होतं. झुपकेदार मिशांचा नायक ते स्वतः. तारेचा इवलासा चष्मा घातलेला मी. ‘संज्या, तुह्या चष्म्याले दोन दिवस लागले बे,’ असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं. अजूनही तो चष्मा बघितला की येतं, आणि मग स्वतःचाच राग येतो.

एकदा आम्ही अकोल्याला सामन्याला गेलो. तिथल्या एका कॉलेजच्या पोराने पाच-पाचाच्या तुकड्या उंदरांसारख्या सगळीकडे पळवल्या आणि सगळी ठाणी घेतली. सुभेदारांचे दहा जण पुलावर अडकले ते अडकलेच. एकेक करून सगळे तिथेच संपले, पण पळाला एकही नाही. परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत हा माणूस जिंकल्यासारखा बोलत होता. ‘हारलो, पन पयलो नाई! पायलं ना तू?’ मी पाहिलं होतं, आणि मला ते फार मोठं वाटलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मला पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं. मी इथल्या एमआयडीसीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढायचो. तिथे तेच काम, पण वर चढायला जागा होती. बायकोने बॅगाही काढल्या. बातमी ऐकून सुभेदार त्या लाडक्या तुकडीचा डबा घेऊन बडनेऱ्याला माझ्या घरी आले. जेवायच्या टेबलावर त्यांनी ते दहा जण मांडले, त्यातला चष्मेवाला उचलून बाजूला ठेवला आणि फासे माझ्या हातात दिले. ‘टाक.’

दोन एक्के पडले.

त्यांनी उरलेले नऊ जण एकामागून एक आडवे केले. ‘पाय. तू जाशीन तं असं होते. इथं मंग कोन रायीन?’ हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते. ते नाटक नव्हतं, हे मला आजही म्हणावं लागतं. मी पुण्याला नकार कळवला. बायको स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, ‘बाहुल्याईनं सांगतलं अन् तुमी आयकलं.’ ती जागा पुन्हा आली नाही. मी त्याच कारखान्यात त्याच खुर्चीवर आहे, आणि माझ्या हाताखाली शिकलेले आता माझी ड्रॉइंग तपासतात.

मग एका रविवारी चहा ओतता ओतता सुभेदार म्हणाले, ‘पोरगी लय मांगं लागली. पुन्याले ये म्हनते. दुकानाले गिऱ्हाईकबी भेटलं.’ झालं, एवढंच. नऊ जणांना आडवं करणाऱ्या माणसाचं स्वतःचं जाणं एका कपात मावलं.

बडनेरा स्टेशनवर त्यांनी त्या तुकडीचा डबा माझ्या हाती दिला. ‘सांभाय. फोडू नको.’ मी खिशातून फासे काढले आणि म्हणालो, ‘सुभेदार, जायच्या आंदी एकडाव टाका ना.’ ते मोठ्याने हसले आणि माझ्या पाठीत धपका मारला. त्यांना वाटलं, मी गंमत करून राहिलो. गाडी सुटली तरी ते दारात उभे राहून हात हलवत होते.

आता माळ्यावर मोबाइलचं गोदाम आहे. मी आणि रफीकभाई त्यांच्या दुकानामागे गाद्यांच्या गठ्ठ्यांवर प्लायवूड टाकून खेळतो. बाकीचे यायचे थांबले. गेल्या रविवारी सुभेदारांचा व्हिडिओ कॉल आला. सोसायटीच्या हॉलमध्ये चकचकीत टेबल, विकत आणलेले सैनिक, भोवती हसरी माणसं. मिशा बारीक केल्या आहेत. ‘अरे संजय,’ ते म्हणाले, ‘मी आता पाच-पाचच घेतो. हलवायला सोपं जातं. दहा म्हणजे उगाच एकमेकांच्या पायात पाय.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘क्या बोले?’ रफीकभाईंनी विचारलं.

‘मजेत हायत.’

मी डबा उघडून ते दहा जण मांडले. मिशीवाला नायक उचलून बाजूला ठेवला आणि फासे टाकले. पाच आणि तीन. नऊच्या नऊ उभे राहिले. मी पुन्हा टाकले. सहा आणि दोन. पुन्हा टाकले. बराच वेळ टाकत राहिलो, पण दोन एक्के काही पडले नाहीत.