बुधवारचे तिकीट

तेरावा मोजताना माणूस गेला तो दिवस पहिला धरतात. माझ्या सासूबाई पुण्यात सोमवारी गेल्या, म्हणून पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी दहावा आणि शनिवारी तेरावा. बायको त्यांच्या आजारपणासाठी म्हणून तिकडे गेली होती. कोरोनाच्या त्या काळात ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची. ती आम्ही अर्ज करून, डॉक्टरांची पत्रे जोडून मिळवली होती. मी आणि मुलगी सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरी होतो. दिवसांचा हिशेब मी फोनवर तिच्याबरोबर करत होतो, कारण त्या दिवसांत तिला वारही आठवत नव्हते.

तेराव्यानंतरच्या शुक्रवारी तिचे परतीचे विमान होते. मंगळवारी बातमी आली की भारतातून येणारी सगळी थेट विमाने थांबवली. विमानासाठी केलेली टेस्ट तिच्या हातात होती, निगेटिव्ह. भारतातले आकडे रोज वाढत होते, आणि तिच्या भावाच्या बिल्डिंगमध्ये तीन घरांत पेशंट होते. मालदीव अजून उघडे होते. बुधवारी ती मुंबईहून मालेला गेली. तिथे एका लहान गेस्टहाउसमध्ये थांबायचे आणि दुसऱ्या मार्गाने सिडनीला यायचे, एवढाच बेत होता. तोवर तो बेकायदा नव्हता.

शनिवारी सकाळी तो बेकायदा झाला. विमान सुटण्याच्या दिवसाआधीच्या चौदा दिवसांत जो भारतात होता, त्याने ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवणे सोमवारपासून गुन्हा. पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मग तो इथला नागरिक का असेना. आम्ही दोघे नागरिक आहोत. भारताचा पासपोर्ट आम्ही परत केलेला आहे. दुसरे घर आम्हाला कागदावर नाही.

मी कागदपत्रे वाचणारा माणूस आहे. एका फूड फॅक्टरीत मी क्वालिटी तपासतो. ज्याने माल बनवला त्याने तो पास करायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. त्या शनिवारी मी आदेश वाचला, ज्या कायद्याखाली तो काढला ते कलम वाचले, आणि आदेशाला जोडलेले निवेदनही वाचले. निवेदनात आपण हा आदेश का काढतो आणि तो आपल्या अधिकारात कसा बसतो, हे समजावले होते. सही एकाच माणसाची, आरोग्यमंत्र्यांची. कलमात मर्यादा होत्या. उपाय परिणामकारक हवा, गरजेपेक्षा कडक नको, गरजेपेक्षा लांब नको. पण या सगळ्यांबद्दल खात्री कोणाची पटायला हवी? त्याच मंत्र्यांची. पुढे लिहिले होते की हा आदेश इतर कोणत्याही कायद्याच्या वर चालेल आणि संसदेला तो रद्द करता येणार नाही. हा अधिकार संसदेनेच कायदा करून दिलेला होता.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी पुस्तिका पाठ केली होती. कायदे संसद करते, सरकार राबवते, न्यायालय तपासते. वीसपैकी वीस मार्क मिळाले होते. त्या शनिवारी मात्र मला कपाट उघडून बायकोचे नागरिकत्वाचे सर्टिफिकेट जागेवर आहे का ते बघावेसे वाटले. ते जागेवरच होते. तरी मी त्याचा फोटो काढून ठेवला.

मग मी चौदा दिवस मोजले. ती बुधवारी निघाली, तो पहिला. दुसऱ्या मंगळवारी चौदा पुरे. त्यापुढच्या बुधवारी मालेहून सुटणाऱ्या विमानात एकच सीट दिसत होती. दिवसाला किती माणसे उतरवायची याला मर्यादा होती, म्हणून सीट मिळणे म्हणजे लॉटरी. मी ती घेतली.

आठवडाभराने, रविवारी, फ्रिजवर लावलेला माझा हिशेबाचा कागद मुलीने पाहिला. ती बारावीला होती आणि तिला कायद्याचा विषय होता.

"बाबा, डे झीरो कुठाय?"

"शून्य हा काय दिवस असतो?"

"सीरियसली? आई बुधवारी इंडियात होती ना? मग तो डे झीरो. तुम्ही आजीच्या तेराव्यासारखं मोजलंय."

मी म्हटले, थांब. पेन्सिल घेऊन त्याच कागदावर उलटे मोजले. विमान बुधवारचे, म्हणून त्याच्या आधीचा मंगळवार एक, सोमवार दोन. चौदाव्या आकड्यावर पेन्सिल थांबली ती बरोबर त्या बुधवारी, ज्या दिवशी ती मुंबई विमानतळावर होती. एक दिवस कमी पडत होता. माझ्याच हाताने मी बायकोला गुन्ह्याचे तिकीट काढून दिले होते.

लगेच फोन करून मी तिला सांगितले. ती म्हणाली, "अहो, एका दिवसाने काय होतंय? सकाळचं विमान होतं माझं. भारतात मी किती तास होते त्या दिवशी?"

"तास नाही मोजत. दिवस मोजतात."

"कोण मोजणार आहे? तुम्ही सोडून?"

तिच्या गेस्टहाउसमध्ये मेलबर्नची एक पंजाबी बाई होती. तीही त्याच बुधवारी भारतातून निघालेली, तिकीटही त्याच विमानाचे. ती मागून ओरडली, "भाईसाब, टेन्शन मत लो, नो वरीज!" बायको हसली. आई गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकत होतो, आणि मला ते थांबवायचे होते.

एक आशा होती. भारतात अडकलेल्या एका वयस्कर नागरिकाने आदेशाला न्यायालयात आव्हान दिले होते. सोमवारी निकाल होता. आदेश पडला तर मोजायचेच नव्हते. मी फॅक्टरीत जेवणाच्या सुट्टीत, कामावरून येताना गाडीत, सारखा फोन बघत होतो. संध्याकाळी निकाल आला. कायद्याने मंत्र्यांना हा अधिकार आहे. राज्यघटनेचे मुद्दे मागे ठेवले, ते नंतर ऐकणार.

"नंतर म्हणजे कधी?" मी मुलीला विचारले.

"नॉट बाय वेन्सडे, बाबा."

मी एजंटला फोन लावला. गुरुवारची सीट नव्हती, शुक्रवारचीही नव्हती. तो म्हणाला, हातातली सोडू नका, पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. मालदीवही भारतातून येणाऱ्यांना बंद करणार अशी बातमी होती. आधीच आलेल्यांचे काय करतील, कोणालाच माहीत नव्हते. मला एकीकडे तुरुंगाचे दार दिसत होते आणि दुसरीकडे त्या बेटावरची एक खोली, जिथे बायको एकटी आणि माघारी जायला देश नाही. मी बुधवारचे तिकीट रद्द केले.

मग तिला सांगितले.

"मला विचारलं पण नाही," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारायचं असतं." तिने फोन ठेवला.

बुधवारी ती पंजाबी बाई त्याच विमानाने निघाली. मी घरी बसून तिचे विमान नकाशावर बघत होतो, ओळखदेख नसलेल्या बाईचे. गुरुवारी तिचा बायकोला मेसेज आला. काउंटरवर टेस्ट आणि पासपोर्ट पाहिला. भारत कधी सोडला, हे मालेत कोणी विचारले नाही आणि सिडनीतही नाही. आता ती हॉटेलमध्ये क्वारंटाइन होती, जेवण बरे होते.

शनिवारी आदेशाची मुदत संपली. तो कोणी रद्द केला नाही, नुसता त्याच्यावरची तारीख उलटली. न्यायालयापुढे राहिलेला राज्यघटनेचा प्रश्नही मग तसाच राहिला. बायकोला सीट मिळाली ती त्याच्या पुढच्या शुक्रवारची. तोवर ती त्या खोलीत रोज खिडकीशी पणती लावून बसे. तेल संपले तेव्हा तिने गेस्टहाउसच्या किचनमधून मागून आणले, हे मला नंतर कळले.

हॉटेलातले चौदा दिवस संपवून ती घरी आली. दारात मुलीला बराच वेळ धरून उभी राहिली. मग फ्रिजवरचा माझा कागद काढला, घडी करून माझ्या हातात दिला.

उलटा मोजलेला माझा हिशेब बरोबर होता. आजही मोजला तर बरोबरच येतो. तो कागद आदेशाच्या प्रतीसोबत फाइलमध्ये आहे. पुढच्या वर्षी तिच्या आईचे वर्षश्राद्ध आले, तेव्हा तिने कॅलेंडर भिंतीवरून उतरवले आणि दुसऱ्या खोलीत नेऊन, दार लोटून, दिवस स्वतःच मोजले.