माझ्या मरणाला कोणी हसेना

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी देऊळघाटच्या आमच्या अंगणात वारलो. अकरा मिनिटांसाठीच!

शॉर्ट फिल्म होती हो. डार्क कॉमेडी. लेखक मी, दिग्दर्शक मी आणि तिरडीवरचं प्रेतही मीच (दुसरं कोणी झोपायला तयार होईना, चुलतभाऊ तर तिरडी बघूनच शेतात पळाला). पहिला खांदा कोणी द्यायचा यावरून घरचे भांडतात, ते ऐकून प्रेत वैतागतं, उठून बसतं आणि सगळ्यांना सुनावतं, अशी कथा. लोक हसून लोळणार याची मला खात्री होती. बायकोला नव्हती.

"नात्यातलं एक माणूस जरी हासलं, तं खुशाल दुसरी काढा," ती म्हणाली. "नाई तं हा नाद सोडा अन् भेंडीले पाणी द्या."

फिल्म नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि माझा जीव टांगणीला लागला. जेवताना मोबाईल, भेंडीत मोबाईल, अंघोळीला जाताना मोबाईल! पहिली प्रतिक्रिया आली : जोडलेले हात. दुसरी : 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तिसरी : 'फार लवकर गेला'. मी रात्रभर कूस बदलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा हेल ऐकू आला. "कसा गेला रे माह्या राजा!"

जळगाव जामोदची आत्या! मागे तिच्या दोन जावा, तोंडाला पदर, हातात डबे. आत्याच्या मोबाईलवर फिल्म पहिल्याच मिनिटाला अडकली होती. तिरडीवर मी, आणि माझ्या तोंडावर गोल गोल फिरणारं चाक. तेवढं बघून तिनं पहिली एसटी पकडली होती. शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि काही न विचारता त्याही रडू लागल्या. (आमच्याकडे आधी रडतात, कोण गेलं ते मग विचारतात.)

मी तोंडात ब्रश घेऊन दारात आलो. हेल मधेच तुटला. मग पाठीत असा धपाटा बसला, की ब्रश तुळशीत जाऊन पडला!

"मेला नाईस तं सांगता येत नाई काय बे?"

"आत्या, एक फोन तं करायचा होता!"

"मेलेल्या माणसाले कोणी फोन करते काय?"



खरा पेच डब्यांचा होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून त्यांनी पिठलं-भाकरी आणली होती. ते अन्न परत नेत नाहीत, आणि कोणी मेलेलंच नसेल तर त्या घरात खात नाहीत. जावा डबे धरून उंबऱ्याबाहेर ताटकळल्या. शेवटी आत्यानंच निकाल दिला. "फिलमीत तं मेला ना? मंग त्याच्या नावानं खाऊ. लाव फिलम!"

मी धावत जाऊन मोबाईल आणला. तिरडी दिसताच आत्या पुन्हा हमसून रडू लागली.

"आत्या, मी हा काय, इथं बसलो!"

"तू चूप रह्य. पाहू दे!"

मी एकेकीचं तोंड निरखत होतो. माझा सगळ्यात भारी विनोद आला आणि गेला. काकूंनी शांतपणे भाकरी मोडली. प्रेत उठलं, चार मिनिटं बोललं. कुणाचा ओठ हलेल तर शपथ! फिल्म संपली, हात धुऊन झाले, जावा डबे आवरू लागल्या. मला खरंच रडू यायला लागलं.

"कशी वाटली?" मी न राहवून विचारलं.

आत्यानं पदराला हात पुसले. "खरं सांगू काय? मेला होता तवर लय चांगला वाटत होता. उठून बोलाले लागला अन् सारा इचका केला!"

आणि अंगण फुटलं! जावा एकमेकींच्या अंगावर पडल्या, काकूंना ठसका लागला, आत्या स्वतःच पोट धरून बसली. मी झटकन दारात उभ्या बायकोकडे वळलो. "हासले ना? मोज!"

"मोजल्या. चौघीजणी," ती डोळे पुसत म्हणाली. "पण फिलम संपून पाच मिनिटं झाली."