एल्फ राजांची वंशावळ

लातूरच्या एका शिकवणीत मी फिजिक्स शिकवायचो आणि शेजारच्या वर्गात एक सर बायोलॉजी. दर वाक्यानंतर ते पोरांना "हाव का न्हाई?" असं विचारायचे आणि खरोखरच उत्तराची वाट बघत थांबायचे. खडूचे हात शर्टालाच पुसायची त्यांची सवय काही मोडली नाही.

आनुवंशिकतेचा धडा आला की ते फळ्यावर एल्फ राजांची वंशावळ काढत. इंग्रजी कादंबऱ्यांतले हे टोकदार कानांचे लोक, त्यांना म्हातारपण नसतं आणि मरणही सहसा येत नाही. राजा म्हणजे चौकोन, राणी म्हणजे वर्तुळ. टोकदार कान कोणत्या नातवापर्यंत पोचले, ते मुलांनी शोधायचं. मुलं खूश असत. मला मात्र तो पोरखेळ वाटे.

एकदा चहा घेताना मी विचारलं, "सर, माणसांची घराणी का नाही घेत?"

"पहिल्या वर्षी घेतली की. म्हणलं, आपल्या घरच्या तीन पिढ्या काढा. भूकंपातल्या गावची एक पोरगी होती. तिनं विचारलं, सर, मेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारायची ना? मी हाव म्हणलं. माझं ध्यान नव्हतं."

"मग?"

"पट्टी लावून रेघा मारल्या तिनं. आजा, आजी, माय, बाप, दोघं भाऊ. खाली एकच वर्तुळ कोरं ठेवलं, स्वतःचं."

"तुम्ही काय केलं?"

"काय करणार? आकृती बरोबर होती. बरोबरची खूण केली."