अक्काच्या खाटेत फक्त लेकरू असायचं

त्या दिवशी सकाळी मी माझ्या लेकीला अक्काच्या पाळणाघरातून कायमचं काढून आणायला निघालो होतो.

सायकल दामटत. तोंडातल्या तोंडात भांडण जुळवत.

अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, सोजर. आज तिला जाऊन वर्ष झालं.

भांडणाची ती सकाळ नव्वद सालानंतरची. आमच्या बिदरच्या मैलूरमध्ये नवी नवी घरं उठत होती. कुणाचा नवरा हैदराबादला, कुणाचा पुण्याला. बायका शाळेत, दवाखान्यात, शिलाईकामाला. त्यांची तान्ही लेकरं अक्का आपल्या पुढच्या खोलीत सांभाळायची.

माझी बायको सुशीला दवाखान्यात, मी डाळमिलवर. म्हणून आमची चार महिन्यांची गोदूही तिच्याकडंच.

भांडण कशावरून? घोंगड्यावरून!

आमचं मूळ घर मेहकरचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. आमच्यात लेकरू झालं की बिरोबाच्या पायाशी ठेवून, भंडारा लावून आणलेलं लहान घोंगडं त्याच्या अंगावर घालतात. त्याखाली झोपलेल्या लेकराला देव राखतो, ही श्रद्धा.

माझीही. आजही आहे.

आणि आमच्याच अक्कानं ते गोदूच्या अंगावरून काढून ठेवलं होतं!

दारातूनच मी आवाज चढवला.

"कामून ओरडायलास? लेकरं झोपल्यात."

"गोदूचं घोंगडं कुठाय?"

"हे काय, मी बसलेय की त्याच्यावर."

खरंच! लेकरांच्या कठड्याच्या खाटांसमोर, भिंतीला टेकून, अक्का त्या घोंगड्यावर मांडी घालून बसली होती.

"देवाचं घोंगडं बुडाखाली घेतलंस?"

"पूजेला तू कशावर बसतोस रं? खुर्चीवर?"

माझा राग आणखी वाढला. तिला उठवलं, घोंगडं घेतलं आणि झोपलेल्या गोदूच्या अंगावर घातलं.

"आता बघ कशी निवांत झोपतीय."

अक्का भांडली नाही. खाटेवर वाकली आणि गोदूच्या हनुवटीजवळ आपला हात आडवा धरला.

"तूच बघ."

गोदूनं पाय झाडले. घोंगडं वर सरकलं. तिनं झोपेतच मूठ आवळून ते ओढलं. आणि ते सरळ नाकातोंडावर!

लेकराचा चेहराच दिसेना. खाली अक्काचा हात होता, म्हणून तेवढीच पोकळी.

ते घोंगडं ओढून काढलं ते मीच. इतक्या घाईत, की गोदू जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. देवाशपथ सांगतो, कुठल्याच भजनातला सूर मला इतका गोड लागलेला नाही!

"एवढ्या लेकराला तोंडावरचं बाजूला सारायला येत न्हाई, मारत्या," अक्का म्हणाली. "देवाला म्हणावं, तू बी राख, मी बी राखते. दोघं मिळून राखू."

मी गोदूला तिथंच ठेवून मिलवर गेलो.

हे सगळं अक्काला एका नर्सबाईनं शिकवलं होतं. तिचंही लेकरू इथंच असायचं. लेकरू उताणं निजवायचं. गादी कडक, सपाट. उशी नाही, पांघरूण नाही, खेळणं नाही. थंडी असेल तर अंगात एक कपडा जास्त. गळ्यातला दोरा झोपताना काढायचा, उठल्यावर परत घालायचा. एका खाटेत एकच लेकरू.

अक्कानं ते कुणासाठीच मोडलं नाही. मग समोर कुणाचीही आजी असो!

आणि आज्या काय कमी होत्या? एकजणी मोहरीची उशी घेऊन आल्या. "डोकं गोल होतंय गं."

"गोल करायचं तवा करू, आजी. आधी श्वास नीट चालू दे."

"माझी सहा लेकरं ह्याच उशीवर वाढली!"

"तुमचं नशीब थोर. माझं तेवढं न्हाई, म्हणून मी जागी बसते."

आजी हसल्या. उशी पिशवीत गेली.

गेल्या वर्षी अक्का गेली. खोलीला कुलूप लागलं.

मग एक दिवस शेजारची मंजुळा भेटली. तिचं थोरलं अक्काकडंच वाढलेलं, आता धाकटं तान्हं होतं. "अण्णा, आता ओळखीच्या घरी ठेवते. मोठ्या पलंगावर निजवतात, पडू नये म्हणून चारी बाजूंनी उशा लावतात. चांगली माणसं हायत. पण माझा जीव कामात लागत न्हाई."

चारी बाजूंनी उशा! मला जेवण गेलं नाही.

सुशीलाला म्हणालो, आपण चालवू या का?

"मी दवाखान्यातून आले की जोडीला येईन. पण दिवसभर तुम्हालाच बसावं लागंल. जमंल?"

मिलवर कळलं तेव्हा काय हसले लोक! "मारुतराव, मिशा ठेवणार का काढणार?" "पदर बी घ्या की आता!" मीही हसायचो. पन्नाशीला आलेला बाप्या माणूस, तान्ही लेकरं सांभाळणार? लोक काय म्हणतील? आयांना भरवसा वाटेल का? यातच महिने गेले.

पुण्याहून गोदूचा फोन आला. "अप्पा, तुम्ही विचारच करायलाव अजून?"

तेव्हा लाज वाटली, आणि बळही आलं.

गेल्या आठवड्यात नोकरीचा राजीनामा दिला. खाटांचे कठडे हलवून पाहिले, ढिले झाले होते ते पक्के करून घेतले. आज सकाळी अक्काच्या फोटोला हार घातला आणि खोली उघडली.

मंजुळाच पहिली आली. बाळ खांद्यावर गाढ झोपलेलं. मी आनंदानं दोन्ही हातांत अलगद घेतलं. उताणं निजवलं. छाती वरखाली होताना पाहिली.

मंजुळा दारात जरा थांबली. मग कामाला गेली.

अक्का, तुला साष्टांग नमस्कार. सुखानं राहा.

पाळणाघर सुरू झालं. मी बसलोय.