माझ्या अक्षराला मत

आता हे सांगायचं म्हणजे माझीच अब्रू मी स्वतःच्या हातानं चव्हाट्यावर मांडणार. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा ऐका. एका अक्षरापायी मी गावची सरपंच होता होता वाचले! हसू नका. खरंच वाचले.

मी पुण्यात अक्षररचना शिकते. म्हणजे छपाईची अक्षरं घडवायला. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे किती वळायचं. गावात कुणी विचारलं तर अण्णा, म्हणजे माझे वडील, "कंप्युटरनं शे काहीतरी" एवढंच सांगतात. शे म्हणजे आहे. त्यांचं म्हणणं, अक्षरं तर सगळी आधीच तयार आहेत. मग ही पोरगी इतकी वर्षं तिकडे करते काय?

एकदा सरांनी वर्गात सांगितलं, "तुमच्या बोलीतला असा एखादा उच्चार शोधा, ज्याला लिपीत अक्षर नाही. त्याच्यासाठी नवं अक्षर घडवा."

सगळा वर्ग डोकं खाजवायला लागला. मी नाही! मी नंदुरबारकडची, म्हसावदच्या जवळच्या गावातली. घरची भाषा अहिराणी. आम्ही 'ळ'ला फारसा त्रास देत नाही. शाळेला शाया म्हणतो, डोळ्याला डोया, केळ्याला केयं. मी होस्टेलच्या खोलीत बसून स्वतःच्याच आवाजात "केयं, केयं" रेकॉर्ड केलं, पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि अंगावर काटा आला. हा 'य' नव्हता! 'ळ'ही नव्हता! दोघांच्या मधोमध जीभ अधांतरी लटकलेली. असला उच्चार आजवर कुणालाच ऐकू आला नाही? केवढा शोध! मला तर माझ्या नावाचा चौकसुद्धा दिसायला लागला.

मग काय, लागले कामाला. 'ळ'ची दोन गोल पोटं घेतली, 'य'चा उभा दांडा घेतला, जोडले, खाली झोकदार शेपूट काढलं. रूममेट म्हणाली, "गोगलगाय काठी टेकत चाललीय." मी म्हटलं, जळते.

सर मात्र म्हणाले, "गावात नेऊन लाव. काही समजावू नकोस. लोक काय वाचतात ते बघ."

सुटीत शहाद्याला पोस्टरं छापून घेतली. पिवळ्या कागदावर एकच भलंमोठं काळं अक्षर. बाकी एक शब्द नाही! एसटी थांब्यावर लावलं, चहाच्या टपरीवर लावलं, दूध डेअरीत लावलं, केळीचे ट्रक भरतात त्या शेडमध्ये लावलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. सरपंचपद महिलांसाठी राखीव. हे मला माहीत नव्हतं का? होतं हो. पण माझ्या डोक्यात तेव्हा गोगलगाय होती.

दुसऱ्याच दिवशी टपरीवर गर्दी. मी आडून ऐकतेय आणि आनंदानं फुगतेय.

"चष्मा शे."

"काहीबी! शिट्टी दिसस मले."

"अरे, जिलेबी शे ती. लगनमा देखी नही का?"

केवढी चर्चा! पुण्यात आमच्या प्रदर्शनाला लोक फुकटच्या समोशासाठी येतात, आणि इथे शेतकरी माणसं अक्षराच्या गोलाईवर भांडताहेत. मला तर भरूनच आलं.

संध्याकाळी गावचे जुने पुढारी, रमणबापू, घरी आले. बापूंच्या बायकोला सरपंचपदाला उभं राहायचं होतं. हातात केळ्यांचा घड, तोंडावर गोड हसू. खुर्चीवर टेकले आणि एकदम म्हणाले, "बेटा, ती निशाणी तुन्ही शे का?"

आता चिन्हाला, खुणेला, अक्षराला, कशालाही निशाणी म्हणता येतं की नाही? मी म्हटलं, "हो बापू! माझीच!"

"एकलीनंच ठरायं, का कोना पाठिंबा शे?"

"पुण्याचे सर आहेत ना पाठीशी."

बापूंचा चहा बशीतच थांबला. "पुन्याहून? बरं, बरं. मंग जुन्यासनं काय करशी?"

"जुनी आहेत तशीच राहतील, बापू! त्यांना कोण हलवणार? ही नवी फक्त त्यांच्या शेजारी बसेल."

बापूंनी निर्धास्तपणे बशी तोंडाला लावली. "शेजारे बसाले काही हरकत नही," म्हणाले, आणि जाताना अण्णांचा हात दोन्ही हातांत धरून गेले. अण्णा गोंधळले. पण बापूंसारखा माणूस केळी देऊन, हात धरून जातो म्हणजे पोरगी काहीतरी मोठंच शिकतेय, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. रात्री जेवताना त्यांनी मला दोनदा तूप वाढलं!

मग बायका यायला लागल्या. "आम्ही तुन्हासंगे शेत," म्हणाल्या. तुझ्यासोबत आहोत म्हणे! मी म्हटलं, बघा, किती भाषाप्रेमी गाव आहे आपलं! उगाच लोक नावं ठेवतात.

शेवटी निरोप आला, डेअरीसमोर सगळे जमणार आहेत, तुझ्या निशाणीबद्दल चार शब्द बोल. माईक आहे. माईक! अहो, अक्षररचनेवर जाहीर व्याख्यान, तेही आमच्या गावात! मी इस्त्रीचा कुर्ता घातला.

समोर पाहते तर ही गर्दी. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, पहिल्या ओळीत बापू, बायांच्या घोळक्यात माझी माय. मी सुरुवात केली आणि मला कसला तरी जोरच चढला.

"इतकी वर्षं आपल्याला आपली जागा मिळाली नाही!"

टाळ्या.

"आपण बोलत राहिलो, पण आपलं बोलणं कुणी लिहून घेतलं का? नाही! वरच्यांनी ठरवलं आणि आपण मुकाट्यानं मान डोलावली!"

शिट्ट्या.

"ही निशाणी म्हणजे तुमचा आवाज आहे! आणि म्हणून मला तुमच्या प्रत्येकाचं मत हवंय!"

धडाड् धड्! कुणीतरी फटाक्यांची लडच लावली. मी हात जोडले. सांगते तुम्हाला, तशी दाद मला जन्मात पुन्हा मिळायची नाही.

धूर खाली बसतो न बसतो तोच एक काकू उठल्या. "मत दिसूत वं बाई. पन नयले पानी कव्हय येई ते सांग!"

नळाला पाणी? अक्षराचा आणि नळाचा काय संबंध?

मागून आवाज, "आनि शेतना रस्ता?"

तेवढ्यात बापू उठले. "त्या दिन तू मले शेजारे बसनार सांगं ना? म्हंजे उपसरपंचच ना?"

गाव निशाणी कशाला म्हणत होतं, ते मला तेव्हा कुठे कळलं. अण्णांकडे पाहिलं. ते डेअरीच्या खांबाकडे इतकं निरखून पाहत होते, जणू त्यांनाच तो रंगवायचा आहे.

"बापू," मी माईकमध्येच पुटपुटले, "ही निवडणुकीची निशाणी नाही. अक्षर आहे."

"अक्षर? कोनतं?"

मग सगळं सांगितलं. आपण केळ्याला केयं म्हणतो, त्यात 'ळ'ही नसतो, 'य'ही नसतो, मधला एक उच्चार असतो, त्याचं हे अक्षर. मग पहिल्या ओळीतून हळूच आलं, "केयं." मागून, "केयं." बघता बघता अख्खा जमाव आपापली जीभ तपासत "केयं, केयं" करायला लागला. आणि मला ऐकू आलं. स्वच्छ 'य'. शाळेच्या पुस्तकातला, साधा, सरळ 'य'!

तेवढ्यात माय उठली. "आमी तं 'य'च म्हनतस. तू म्हनी दखाड बरं."

मी माईकवर म्हटलं. ते मधलं, लटकलेलं, 'ळ' की 'य' ते न ठरलेलं.

गाव जे हसलं म्हणता! "पुन्यानं पानी लागनं पोरले!" कुणीतरी ओरडलं. बापू तर डोळे पुसत होते. अख्ख्या जिल्ह्यात तो उच्चार एकाच तोंडात होता, आणि ते तोंड माझं होतं. सहा वर्षं बाहेर राहून माझीच जीभ अर्धी इकडे, अर्धी तिकडे झाली होती, आणि मी तिच्यासाठी अक्षर काढून बसले होते!

मला वाटलं, आता रात्रीच्या गाडीनं पुणं गाठावं. पण सकाळी दार वाजलं. डेअरीत दूध घालायला निघालेले लोक अंगणात उभे. "फोन काढ. शब्द भरी ले." कुणी कव्हय म्हणजे केव्हा सांगितलं, कुणी जवळचं जवय, कुणी आभाळाचं आभाय. काही शब्द तर मी पहिल्यांदाच ऐकत होते. बापू स्वतः आले, घसा खाकरून त्यांनी पाच-सहा शब्द रेकॉर्ड केले आणि प्रत्येक ऐकून खात्री करून घेतली. सगळ्यांत जास्त माय बोलली, आणि प्रत्येक शब्द माझ्याकडूनही म्हणवून घेतला. चुकलं की, "आजून एकदाव." अण्णा पलीकडून म्हणाले, "काम मोठं शे पोरनं." तूप न वाढताच म्हणाले!

पुण्याला आले. सरांना खरं ते सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. मग म्हणाले, "अक्षर सोड. हे शब्द आहेत त्याच अक्षरांत सुंदर मांड." मी अहिराणी शब्दांचे तक्ते केले. ते आज डेअरीत लागलेत. लोक रांगेत उभे राहून मोठ्यानं वाचतात, चुका पेन्सिलनं दुरुस्त करतात, आणि खाली सही पण ठोकतात.

वर्षअखेरीला सगळ्या कॉलेजसमोर सादरीकरण होतं. बाहेरचे परीक्षक, समोर भरलेला हॉल. मी ताठ उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "नमस्कार. माझा विषय आहे, बोलीच्या अक्षरांची ओयख."

हॉलमध्ये खसखस पिकली. सर पहिल्या रांगेतून हळूच म्हणाले, "अगं, ओळख."

मी म्हटलं, "तेच तं सांगी ऱ्हायनू ना, सर!"