न ठेवलेला हात

माझं मंगळसूत्र बनारसच्या एका गल्लीत हिसकावलं गेलं, तेव्हा माझ्या गळ्यापेक्षा पोलीस ठाण्याच्या अब्रूला जास्त लागलं. दरोगाजींच्या बायकोचं मंगळसूत्र, आणि तेही त्यांच्याच हद्दीत! भाजीवालीनं हळहळ केली, पण वजन करताना तिला हसू आवरत नव्हतं.

आमचे हे उत्तर प्रदेशच्या पोलिसांत सब-इन्स्पेक्टर. तिकडे त्याला दरोगा म्हणतात आणि त्याच्या बायकोला दरोगाइन. नोकरी एकाची, हुद्दा दोघांना. सासरे मूळचे नगरकडचे, रेल्वेच्या नोकरीपायी मोगलसरायला आले आणि तिथलेच झाले. आम्ही ख्रिस्ती. लग्न होऊन मी त्या मुलखात गेले, तेव्हा मराठीत बोलायला घरात हे आणि वर देव, एवढेच होते. हे सदा ठाण्यात, म्हणून देवाशीच जास्त बोलणं व्हायचं. माझा स्वभाव फटकळ, त्यामुळे त्यातलं निम्मं भांडण असायचं.

पुढे पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका काकूंची ओळख झाली. काशीत कितीतरी पिढ्या काढलेलं मराठी ब्राह्मणाचं घर. काकू सोवळ्याच्या, मला बाहेरच्या खोलीत पाट मांडायच्या, पण निघताना मेतकुटाची पुडी हातात ठेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्यांच्याकडूनच परतत होते मी. कार्तिकातली संध्याकाळ होती, खाली घाटावर बांबूंच्या टोकाला आकाशदिवे चढत होते. गल्लीत बैल आडवा आला, म्हणून मी भिंतीला चिकटून उभी राहिले, आणि बाजूनं हात आला. एक झटका बसला, काळे मणी फरशीवर उडाले. पळता पळता त्यानं एकदाच वळून पाहिलं. पानाच्या दुकानातल्या उजेडात तो चेहरा मला दिसला, पापणी लवायच्या आत दिसेनासा झाला. दोन वाट्यांच्या मधे सासूबाईंनी हौसेनं सोन्याचा बारीक क्रूस घालून घेतला होता, तोही गेला.

ह्यांनी त्याच रात्री तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवला. "घरची फिर्याद आहे, माझा हात नको," म्हणाले. असे ते सरळ. कधी कधी मला वाटायचं, इतका सरळ माणूस दाराच्या चौकटीतून आत कसा येतो, कुठे तरी वाकायला नको का?

त्यांच्या सरळपणाची रविवारी तर पाठशाळाच भरायची. चर्चमधून आलो की क्वार्टरच्या ओसरीत ठाण्यातले पाच-सहा शिपाई जमत. मी चहा करायची, चकल्या द्यायची, आणि हे शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं काही सांगायचे. त्यांचं आवडतं म्हणजे एका संदेष्ट्यानं नदीकाठी शिपायांना केलेला उपदेश: कुणावर जुलूम करू नका, कुणावर खोटा आळ आणू नका, आपल्या पगारात समाधान माना. सगळे शिपाई हिंदू, पण ऐकायचे मन लावून. पगाराचा भाग आला की चकलीकडे बघायचे, ही गोष्ट निराळी.

सगळ्यांत पुढे बसायचे दीवानजी. म्हणजे ठाण्याचे हेड कॉन्स्टेबल. पांढऱ्या मिशा, निवृत्तीला थोडे महिने उरलेले. आमच्या मुलीला विषमज्वर झाला तेव्हा हे बंदोबस्तावर बाहेरगावी होते. दीवानजींनी तिला शालीत गुंडाळून सायकल रिक्षातून इस्पितळात नेलं आणि ती डोळे उघडेपर्यंत बाकड्यावरून हलले नाहीत. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नव्हते, आणि नेमकं तेच पुढे माझ्या मुळावर आलं.

काही दिवसांनी संशयित सापडला. पान दरीब्यात, म्हणजे पानांच्या बाजारात, विड्याच्या पानांच्या टोपल्या वाहणारा, पूर्वी एकदा चोरीत धरला गेलेला. मंगळसूत्र त्याच्याकडे मिळालं नाही. आता सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं, ती म्हणजे शिनाख्त. तुरुंगात, मॅजिस्ट्रेटसमोर, सारख्या अंगलटीच्या कैद्यांच्या रांगेत त्याला उभा करणार, आणि मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. ठेवला तर तो अडकला, नाही तर सुटला. तोवर त्याचं तोंड मला दिसता कामा नये, म्हणून अशा माणसाला गमछ्यानं चेहरा झाकून ठेवतात. त्याला तिकडे बापर्दा ठेवणं म्हणतात.

त्याला तुरुंगात पाठवायच्या आदल्या दुपारी दीवानजी घरी आले. "दरोगाइनजी, ज़रा थाने चलिए। कुछ दाने मिले हैं, देख लीजिए, आपके हैं कि नहीं।"

मी गेले. हे कोर्टात होते. मागच्या दारानं नेताना दीवानजी कोठडीपाशी थांबले. आत एक माणूस ओंजळीनं पाणी पीत होता, गमछा बाजूला पडला होता. त्यानं मान वर केली. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"ठीक से देख लीजिए," दीवानजी हळूच म्हणाले. "दाहिनी भौं पर निशान है।"

मणी वगैरे काही सापडलेलेच नव्हते. मी तशीच घरी आले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. दीवानजींनी वाईट बुद्धीनं केलं नव्हतं, हेच सगळ्यांत वाईट होतं. आपल्या साहेबांच्या बायकोची फजिती होऊ नये, एवढीच त्यांची माया.

आता मी गल्लीतला चेहरा आठवू लागले, तर कोठडीतला यायचा. डोळे मिटले की वळून पाहणारा माणूस ओंजळीनं पाणी प्यायचा. आधी त्या चेहऱ्याला भुवईवर व्रण होता का? असावा. नसेलही. मला आठवेना, आणि आता कधीच आठवणार नाही हे कळून मला दीवानजींचा इतका राग आला आणि त्यांच्यावर रागावल्याबद्दल इतकी लाज वाटली की मी दोन दिवस धड जेवले नाही.

ह्यांना सांगायचं ठरवलं. ते जेवत होते. मी म्हटलं, "अहो, त्या शिनाख्तीचं जरा—"

त्यांनी घास खाली ठेवला. "त्याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही."

"पण ऐका तरी."

"तू साक्षीदार आहेस, मी ठाण्याचा अधिकारी. उद्या कुणी म्हटलं की नवऱ्यानं पढवून पाठवली, तर? जे काही सांगायचं ते मॅजिस्ट्रेटला सांग."

आणि त्या दिवसापासून शिनाख्त होईपर्यंत ते बाहेर ओसरीत झोपले. मी पुन्हा विषय काढेन म्हणून समोर येतसुद्धा नव्हते. जगात ज्या एका माणसाला विचारता आलं असतं, त्याच्या सचोटीनंच माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मी देवाला म्हटलं, तूच दिलास ना हा धुतल्या तांदळासारखा नवरा, मग आता तूच सांग मी काय करू. देवानंही तोंड उघडलं नाही.

मार्ग दिसत होते, पण एकही धड नव्हता. हात ठेवावा, तर कदाचित निरपराध माणूस आत जाईल, माझ्या एका बोटानं. "ओळखत नाही" म्हणावं, तर सगळे सुटतील, पण ते खोटंच. मी तर त्याला शंभरांत ओळखलं असतं. आणि खरं सांगावं, तर दीवानजींचं पेन्शन जाईल, आणि ह्यांच्यावर तोच ठपका येईल ज्याच्या भीतीनं ते ओसरीत झोपत होते. रविवारी पाठशाळा भरली. चहा देताना दीवानजींनी माझ्याकडे पाहून दिलासा दिल्यासारखी मान हलवली. मी पुढच्या शिपायाकडे वळले.

शिनाख्तीच्या दिवशी पोलिसांना तुरुंगाच्या फाटकाबाहेर थांबावं लागतं. हे आणि दीवानजी कडुनिंबाखाली उभे राहिले आणि मी एकटी आत गेले. अंगणात माणसं रांगेनं उभी होती, आणि सगळ्यांच्या उजव्या भुवईवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. एकाचा व्रण झाकायचा म्हणून सगळ्यांना तीच चिठ्ठी. किती काळजी घेतली होती बिचाऱ्यांनी, मला काही कळू नये म्हणून.

मला तो पहिल्या नजरेत दिसला. त्यालाही कळलं. त्यानं गयावया केली नाही की डोळे वटारले नाहीत. मॅजिस्ट्रेटनी त्याला आधी विचारलं असणार, काही तक्रार आहे का, आणि तो नाही म्हणाला असणार. शेवटी परत त्याच ठाण्याच्या तावडीत जायचं होतं ना त्याला. तो नुसता माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

मी चालत त्याच्यासमोर गेले.

"पहचानती हैं?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"जी।"

"तो कंधे पर हाथ रखिए।"

माझा हात अर्धा उचललाही गेला. खरं सांगते, ठेवणं फार सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं, एक तो सोडून.

"हाथ नहीं रखूँगी, साहब," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "इसे मैंने थाने में देखा है। दिखाया गया था। गली में यही था या नहीं, अब मैं क़सम खाकर नहीं कह सकती।"

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "किसने दिखाया?"

मुलीच्या उशाशी बाकड्यावर बसलेले दीवानजी माझ्या डोळ्यांपुढे आले. मला रडू फुटलं, आणि रडत रडत मी सांगितलं.

बाहेर आले तेव्हा दीवानजी पुढे झाले. "हो गया, दरोगाइनजी?"

"मैंने सच कह दिया, दीवानजी।"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला. मग ते ह्यांच्याकडे वळले आणि ताठ उभं राहून स्वतःच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आप कहते रहे, झूठा इल्ज़ाम मत लगाओ। मैंने झूठा कहाँ लगाया, साहब? चोर तो वही है।"

त्यांना मनापासून तसं वाटत होतं. इतक्या रविवारांच्या पाठशाळेनंतरही. आम्ही घरी आलो. दारात हे म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगू दिलंत कुठे?"

ते तिथेच पायरीवर बसले, टोपी मांडीवर घेऊन. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना कुठे तरी वाकलेलं पाहिलं. मला त्यांची दया आली आणि मनातल्या मनात बरंही वाटलं.

त्यांनी वरिष्ठांना लिहिताना दीवानजींच्या आधी स्वतःचं नाव घातलं. ह्यांची बढती अडली. दीवानजींना लाइनीत पाठवलं, म्हणजे ठाण्यातून काढून पोलीस मुख्यालयात बसवलं, पण वरिष्ठांनी सबुरीनं घेतलं आणि पेन्शन वाचलं. रविवारची पाठशाळा काही आठवडे बंद पडली. पुन्हा सुरू झाली तेव्हा हे उपदेशाआधी विचारू लागले, या आठवड्यात कुणाला काय जड गेलं? सगळ्यांत आधी, निवृत्त होऊन आता धोतर नेसून आलेले दीवानजी बोलले, आणि हे मधे न बोलता ऐकत राहिले.

तो माणूस सुटला. मंगळसूत्र मिळालं नाही, आणि चोर कोण होता हे मला आजही ठाऊक नाही. चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी माझं नाव न घेता माझी वाहवा केली, आणि मला ती आवडली. कशाला खोटं बोलू? मी मान जरा ताठ ठेवून चालायला लागले होते.

थंडी सरता सरता काकूंकडून परतताना त्याच गल्लीत तो समोरून आला. डोक्यावर पानांची टोपली, त्यावर ओलं गोणपाट. गल्ली अरुंद, म्हणून तो भिंतीला सरकून मला वाट देत उभा राहिला. भुवईवर व्रण स्पष्ट दिसत होता. मला त्याला काही तरी बरं बोलायचं होतं, शब्दही जुळवत होते. तेवढ्यात माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि गळ्यातल्या नव्या मण्यांवर घट्ट बसला.

त्यानं त्या हाताकडे पाहिलं. तुरुंगात पाहिलं होतं तसंच.

"जाइए, माताजी," तो म्हणाला.

मी हात खाली घेतला आणि त्याच्या पुढून निघून गेले. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या रात्री आमच्या मराठी प्रार्थनेत त्या माणसासाठी काही मागितलं. मी मात्र माझ्या हातासाठी मागत होते.